शनिवारी रात्री काय बघायचं, ते शनिवारी रात्री ठरवू नका

पुण्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात ७२ वर्षांच्या सासूबाई, नवरा, १३ वर्षांचा मुलगा, ७ वर्षांची मुलगी आणि त्या स्वतः. आठवड्यातून एक रात्र सगळ्यांनी मिळून काहीतरी बघावं, एवढीच इच्छा. तीन ॲपचे पैसे भरलेत. पण जेवणं आटोपून साडेनऊला टीव्हीसमोर बसलं की पाऊण तास पोस्टरं सरकवण्यात जातो. मुलगा मोबाइल काढतो, सासूबाई ‘मला नाही बाई कळत तुमचं’ म्हणत आत जातात आणि नवरा बसल्या जागी घोरायला लागतो. माहितीपट लावून पाहिला, विनोदी मालिका लावून पाहिल्या, काहीच टिकत नाही. ‘सगळ्यांना चालतील अशा वीसेक नावांची यादी द्याल का?’

ताई, यादी देतो. पण वीस नावांची नाही आणि लगेच नाही. तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं. सिनेमा आवडला नाही अशी तक्रार त्यात कुठेच नाही. तक्रार आहे ती पाऊण तासाची. साडेनऊला पाच माणसं बसली आणि सव्वादहापर्यंत काहीच सुरू झालं नाही, तर मी कितीही चांगलं नाव सुचवलं तरी ते सव्वादहालाच लागणार. पावणेअकराला तुमची मुलगी आडवी होणार आणि सोमवारी तुम्ही म्हणणार, तुम्ही सांगितलेला सिनेमाही चालला नाही हो.

मी हे कशाच्या जोरावर बोलतोय तेही सांगतो. १९८७ ते २००६ कराडला माझी व्हिडिओ लायब्ररी होती. आधी कॅसेटी, मग सीडी. सुरुवातीच्या काळात टीव्ही आणि व्हीसीआरसुद्धा रात्रीच्या भाड्याने द्यायचो. गणपतीत तर एकेक सेट सायकलच्या कॅरिअरला बांधून तीन-तीन गल्ल्या फिरायचा. दुकान बंद केल्यावर गेली बारा-तेरा वर्षं आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एक दिवस मुलं आणि आजी-आजोबा यांना एकत्र बसवून सिनेमा दाखवतो. मी काही सिनेमाचा अभ्यासक नाही. माझा अभ्यास एकाच गोष्टीचा, लोक कधी उठून जातात.

हा अभ्यास कॅसेटींनी शिकवला. कॅसेट मागे गुंडाळून, म्हणजे रिवाइंड करून परत द्यायची असा नियम होता. निम्मी गिऱ्हाइकं तो पाळत नसत. आधी मी चिडायचो, दोन रुपये दंडाची पाटीही लावली होती. मग एक दिवस लक्षात आलं की न गुंडाळलेली कॅसेट म्हणजे त्या घराने पाठवलेली चिठ्ठीच. कॅसेटच्या वरच्या खिडकीतून डाव्या आणि उजव्या रिळावर किती फीत आहे ते दिसतं. फीत जिथे थांबली, तिथे ते घर उठलं. मी भाड्याच्या वहीत नावापुढे पेन्सिलने लिहायला लागलो: पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. दोन वर्षं वही भरली आणि माझी एक समजूत मोडली. गाजलेला, लोकांनी वाखाणलेला सिनेमाही ‘पाव’वर परत येत होता आणि अगदी सुमार मारधाड ‘पूर्ण’ बघून येत होती. जो माणूस घरून ठरवून यायचा, ‘अमुक आहे का?’ विचारून घेऊन जायचा, त्याची कॅसेट बहुधा पूर्ण बघितलेली असायची. जे अख्खं कुटुंब येऊन काउंटरपाशी अर्धा तास वाद घालायचं आणि शेवटी कंटाळून हाताला लागेल ती उचलायचं, त्यांची पाववर. सिनेमा तोच असला तरी.

तुमच्या घरात तो काउंटर आता टीव्हीच्या आत आलाय. तेव्हा पहिलं काम: शनिवारी काय लागणार ते गुरुवारी ठरलेलं असू द्या, आणि ते एकाच माणसाने ठरवू द्या. पाच जणांची पाळी लावा. ज्याची पाळी, त्याचा शब्द. बाकीच्यांना ‘हे नको’ म्हणायची सोय ठेवू नका, नाहीतर पुन्हा काउंटर सुरू. उठून जायची सोय मात्र जरूर ठेवा. पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी बसायचं, त्यानंतर ज्याला नको त्याने खुशाल उठावं आणि मागून कोणी टोमणा मारू नये. वीस मिनिटं हा माझा हॉलमधला आडाखा आहे. तेवढ्या वेळात गोष्टीतल्या माणसाला काय हवंय हे कळलं की मुलांची चुळबुळ थांबते. नाही कळलं तर पुढेही थांबत नाही, आणि मग रेटण्यात अर्थ नसतो.

ज्याची पाळी असेल त्याने एक काम आधी करायचं. सुरुवातीची दहा मिनिटं आणि मधली पाच मिनिटं एकट्याने बघून ठेवायची. सात वर्षांच्या मुलीची पाळी असेल तेव्हा ते तुम्ही करा. हॉलमध्ये मी न तपासता कधीच काही लावत नाही. एकदा लावलं होतं. ऐन वेळी कळलं की फाइलमध्ये आवाज फक्त तेलुगू. साठ माणसं खुर्च्यांवर आणि मी रिमोट घेऊन घामाघूम.

आता वेळेचं. साडेनऊ ही पाच जणांची वेळच नाही, ती फार तर दोघांची. साडेसातला सुरू करा. शनिवारचा स्वयंपाक आटोपशीर ठेवा, खिचडी किंवा मिसळ, ताटं हातात घेऊन बसता येईल असं काहीतरी. टीव्हीसमोर जेवायचं नाही असा घरचा नियम असेल तर या एका दिवसापुरता मोडा. सासूबाईंना पटत नसेल तर मात्र त्यांचं ऐका आणि सातला जेवून घ्या. आणि पूर्ण सिनेमा एका बैठकीत संपलाच पाहिजे ही कॅसेटच्या काळातली घाई आहे. तेव्हा रात्रीचं भाडं भरलेलं असायचं, सकाळी दहाला सेट परत द्यायचा असायचा, म्हणून लोक डोळे चोळत तीन-तीन सिनेमे बघायचे. तुम्हाला कोण विचारतंय? आपल्याकडचे बहुतेक सिनेमे मध्यंतर धरूनच बेतलेले असतात. मध्यंतराच्या आधी कथा एका वळणावर आणून सोडलेली असते, म्हणजे थांबायची जागा दिग्दर्शकानेच करून ठेवलेली. तिथे थांबा, उरलेला रविवारी दुपारी बघा. मधल्या वेळात पुढे काय होईल यावर घरात जे बोलणं होतं, ते बऱ्याचदा सिनेमापेक्षा चांगलं असतं.

पुढचं सगळं तुमच्या घरावर अवलंबून आहे. टीव्ही केवढा, किती लांब, सासूबाईंना ऐकू कितपत येतं, त्या हिंदी किती सहज समजतात, यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही. म्हणून अंदाजाने लिहितो. चुकत असेन तर तेवढं सोडून द्या.

‘मला कळत नाही’ हे वाक्य मी शेकडो आज्यांकडून ऐकलंय. दहापैकी सात वेळा त्याचा अर्थ ‘मला ऐकू येत नाही’ असा निघतो. माझ्या आईचंच सांगतो. नवा चपटा टीव्ही आणला आणि ती म्हणायला लागली, हल्लीची माणसं पुटपुटतात का रे? मी आवाज वाढवला. गाणं लागलं की खिडक्या थरथरायच्या, संवाद आले की पुन्हा पुटपुट. कानाचं यंत्र घ्यायच्या तयारीत होतो. मग डोक्यात उजेड पडला. वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, आणि स, श, त, फ ही व्यंजनं तिथेच असतात. आवाज वाढवला की स्वर मोठे होतात, व्यंजनं धूसरच राहतात. बोलणं ऐकू येतं पण लागत नाही. त्यात सिनेमाचा आवाज बऱ्याचदा थिएटरसारख्या पाच-सहा स्पीकरांसाठी जुळवलेला असतो. त्यातला मधला स्पीकर मुख्यतः संवादांचा. घरच्या टीव्हीला दोनच बारके स्पीकर, तेही तोंड खाली किंवा भिंतीकडे करून बसवलेले. संवाद आणि ढोल-ताशे एकाच नळीतून येतात म्हटल्यावर संवादच चेंगरणार.

याला पैसे लागत नाहीत, निदान आधी तरी नाही. ॲपमध्ये आवाजाच्या पर्यायात ‘५.१’, म्हणजे पाच-सहा स्पीकरांचा आवाज, निवडलेलं असेल तर ते बदलून ‘स्टिरिओ’, म्हणजे दोन स्पीकरांचा, करा. टीव्हीच्या साउंड मेनूत ‘क्लिअर व्हॉइस’, ‘डायलॉग’ किंवा ‘स्पीच’ अशा नावाचं काहीतरी सापडेल, ते चालू करा. ‘नाइट मोड’ असेल तर तोही. त्याने मोठे आवाज दबतात आणि बारीक आवाज वर येतात. आणि सासूबाईंची खुर्ची पुढे घ्या. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना मानाने भिंतीकडच्या दिवाणावर बसवतात, म्हणजे पडद्यापासून सगळ्यात लांब. ४३ इंची टीव्ही असेल तर पाच-साडेपाच फुटांवर बसलं तरी डोळ्यांना काही होत नाही. आईची खुर्ची मी तीन फूट पुढे ओढली तेव्हा ती म्हणाली, अरे, याच्या शर्टाला चौकडी आहे होय!

एक चित्राचं सेटिंगही बदला, मग तांत्रिक बोलणं थांबवतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी घेतात. नवे टीव्ही मधली चित्रं आपल्या मनाने तयार करून भरतात आणि सिनेमा एकदम लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसायला लागतो. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, बहुतेक नावांत ‘मोशन’ हा शब्द असतो. ते बंद करा. क्रिकेटच्या वेळी हवं तर चालू करा.

आता माहितीपट. तुमचा पहिला का पडला याचा मला अंदाज आहे: तो ‘मुलांनी काहीतरी चांगलं बघावं’ म्हणून लावला होतात. माझ्या पिढीला हे औषध थिएटरात मिळायचं. फिल्म्स डिव्हिजन ही सरकारी संस्था १९४८ साली सुरू झाली, आणि सिनेमाआधी तिचे माहितीपट दाखवणं थिएटरवाल्यांना सक्तीचं होतं. लोक तेवढ्या वेळात बाहेर पान खाऊन यायचे. त्या डब्यांत फार उत्तम गोष्टीही होत्या, पण सक्तीचं नाव लागलं की बासुंदीही कडू लागते. घरात माहितीपट लावायचा तर तो चांगला असतो म्हणून लावू नका. त्यात एक माणूस किंवा एक प्राणी असावा, आणि त्याचं पुढे काय होणार अशी धाकधूक असावी. आणि लांबी पाऊण तासाच्या आत. सहा-सहा भागांच्या भव्य मालिकांपासून सुरुवात करायची नाही. ती नंतरची गोष्ट.

माझा हमखास चालणारा माहितीपट ‘द एलिफंट व्हिस्परर्स’. २०२२चा, साधारण ४० मिनिटांचा. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाच्या पोरक्या हत्तीच्या पिल्लाला वाढवतं, एवढीच गोष्ट. पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं, ते मुलाला सांगा. सासूबाईंना सांगायची गरज नाही, त्या बेल्लीला लगेच ओळखतील. भाषा तमिळ आहे, पण बाई हत्तीच्या तोंडात घास भरवताना काय बोलत असेल हे कुठल्याही आजीला कळतं. आमच्या हॉलमध्ये तो संपल्यावर दिवा लावला तर कोणी उठेना. एका आजींनी मला विचारलं, आता त्या पोराला जेवू कोण घालतं? पंचाहत्तरीच्या बाई, आयुष्यात माहितीपट हा शब्द उच्चारला नसेल.

माहितीपटात थांबवून बोललं तरी चालतं, उलट बोलावंच. गोष्टीच्या सिनेमात ते पाप आहे. २०१६च्या ‘प्लॅनेट अर्थ’च्या दुसऱ्या मालिकेत गालापागोस बेटांवर इग्वाना नावाच्या सरड्याच्या पिल्लामागे सापांची टोळी लागते असा एक पाठलाग आहे. तो लावला की सगळी मुलं खुर्चीवर पाय वर घेऊन बसतात. पिल्लू सुटलं की टाळ्या. मग मी थांबवतो आणि सांगतो, हा पाठलाग एकाच पिल्लाचा नाही. वेगवेगळ्या पिल्लांचं चित्रण जोडून तो बांधलाय, आणि हे करणाऱ्यांनीच नंतर सांगितलंय. १३ वर्षांच्या मुलांचे डोळे तिथे चमकतात. फसवलं म्हणायचं का? एका बाजूला हो, दुसऱ्या बाजूला नाही, आणि पुढचा अर्धा तास हॉलमध्ये भांडण. तुमच्या मुलाला मोबाइल खाली ठेवायला लावायचा यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही.

लहान मुलीसाठी याच धाग्यातली एक गोष्ट. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला कॅमेरा खरेदी करून आले तेव्हा त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नव्हता. आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि दिवसाला थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर तो वाटाणा मिनिटाभरात उगवून वेल होताना दिसला. असं काही लोकांनी पाहिलं नव्हतं. सिनेमासाठी पैसे घालणारे पुढे आले ते हे पाहून. तुमच्या मोबाइलमध्ये ‘टाइमलॅप्स’ असतो. मटकी भिजवा, फडक्यात न बांधता ताटलीत ओल्या कापडावर पसरा, मोबाइल डब्याला टेकवून चार्जरला लावा आणि दिवा चालू ठेवून रात्रभर ठेवून द्या. सकाळी मोड येताना दिसतात. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने हे केलं आणि तिच्या आजोबांनी ती वीस सेकंदांची फिल्म अख्ख्या बिल्डिंगला पाठवली. तुमच्या शनिवारी सिनेमाआधी ही फिल्म लावा. घरचा माहितीपट.

विनोदी मालिकांबाबत तुमची चूक छोटी आहे. तुम्ही त्या जेवण म्हणून वाढल्या, त्या तोंडी लावायच्या असतात. विनोदी मालिकेत पात्रं ओळखीची होईपर्यंत हसू येत नाही. पहिला भाग कधीच सगळ्यात विनोदी नसतो, कारण तिरसट कोण, कंजूष कोण, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे अजून आपल्याला माहीत नसतं. म्हणून एक मालिका निवडा आणि दर शनिवारी सिनेमाआधी तिचा एकच भाग लावा. हॉलमध्येही मी हेच करतो. पहिली वीस मिनिटं लोक येत असतात, कोणाला पाणी हवं असतं, कोणाचा चष्मा घरी राहिलेला असतो. ते सगळं विनोदी भागात खपतं. चौथ्या आठवड्यापर्यंत त्या पात्रांची घरात नक्कल सुरू होते, मग तुम्हाला काही करावं लागत नाही.

तुमच्या घरासाठी मी डोळे मिटून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सांगेन. २००१ साली सुरू झालेली, दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून केलेली. आजोबा, मुलगा, सून, नातू, नात; एका फ्लॅटमध्ये पाच माणसं आणि तीन पिढ्या. तुमच्या घरात आबांच्या जागी सासूबाई आहेत एवढाच फरक. मुलगा पहिल्या दिवशी म्हणेल, चित्र केवढं जुनाट आहे. म्हणू द्या. सासूबाई त्याला सांगतील की याच प्रभावळकरांना त्यांनी दूरदर्शनवर काळ्या-पांढऱ्यात चिमणराव म्हणून पाहिलंय, आणि मग त्यांच्याकडून पुढची दहा मिनिटं गुंड्याभाऊ ऐकावा लागेल. हाच तुमचा कार्यक्रम. टीव्ही बंद केला तरी चालेल.

जुन्या विनोदी सिनेमांत एक अडचण येते, ती आधी सांगून ठेवतो. जाडेपणावर, बायकांवर, बोबड्या माणसावर केलेले विनोद तेव्हा चालून गेले, आज सात वर्षांच्या मुलीशेजारी बसून ऐकताना खटकतात. अशा वेळी रिमोटवर झडप घालू नका. झडप घातली की मुलांना कळतं, इथे काहीतरी आहे. हसू आलं नाही तर हसू नका, बास. मोठ्यांनी न हसलेला विनोद मुलांच्या लक्षात येतो.

भीतीचं मात्र वेगळं आहे. प्रमाणपत्राची अक्षरं बघा, त्यांचा उपयोग आहे. २०२४ पासून सेन्सॉर बोर्डाच्या ‘यूए’मध्ये, म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांत, ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आल्या आहेत. ॲपवर तशाच पायऱ्या २०२१च्या नियमांपासून आहेत, पण तिथे त्या बोर्ड देत नाही, ॲपवाले स्वतःच ठरवून लावतात. तुमच्या मुलीसाठी ७+ धरून चाला. पण मूल कशाला घाबरेल हे कुठलीच अक्षरं सांगत नाहीत. ‘झपाटलेला’ १९९३चा, माझ्या दुकानात महिनोन्महिने त्याची कॅसेट जागेवर नसायची. मोठी माणसं पोट धरून हसायची. एकदा रात्री साडेअकराला दुकानावरच्या माझ्या घराचं दार वाजलं. एक गिऱ्हाईक लुंगीवर, हातात ती कॅसेट. म्हणाले, ही आत्ताच्या आत्ता ठेवून घ्या, घरात असेपर्यंत पोरगी झोपायला तयार नाही. त्या मुलीने आपल्या सगळ्या बाहुल्या कपाटात कोंडून कडी लावली होती. रक्त नाही, मारामारीही फार नाही. पण खेळण्यातली बाहुली बोलायला लागली, हे तिला पुरलं. तेव्हापासून मी आई-वडिलांना एवढंच विचारतो, तिला घरातल्या कुठल्या गोष्टीची भीती वाटते? अंधाराची, आई हरवण्याची, कुत्र्याची? ते ज्या सिनेमात आहे तो सहा महिने पुढे ढकला.

मुलाचं राहिलं. तेरा वर्षांच्या मुलाला ‘मोबाइल ठेव’ सांगून फायदा नाही, त्याला काम द्या. ऑपरेटर तोच. सेटिंगं वर लिहिलीत ती त्यालाच करू द्या, दिवे त्यानेच घालवायचे. परभाषेतला सिनेमा असेल तर खालच्या ओळी मराठीत करून आजीला आणि बहिणीला मोठ्याने सांगायचं कामही त्याचंच. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट समजावून सांगणारी माणसं असायची, तशी ही नोकरी. पहिल्यांदा लाजेल, दहा मिनिटांत आवाज बदलून बोलायला लागेल. आणि बाकीच्यांच्या हातालाही काम ठेवा. आमच्याकडे मधे परातीत भुईमुगाच्या शेंगा असतात, नाहीतर निवडायची मेथी. हात गुंतलेले असले की मोबाइल उचलला जात नाही आणि डोळे मात्र पडद्यावरच राहतात. हा शोध माझ्या बायकोचा. मेथीही निवडून होते.

आता नावं. एकेका शनिवारला एक, या क्रमाने लावलीत तर बरं. ज्याची पाळी त्याने वेगळं ठरवलं तर मात्र त्याचाच शब्द.

सुरुवात मराठीतून करा, ‘एलिझाबेथ एकादशी’ने. २०१४चा, दीड तासाच्या आसपास, गोष्ट पंढरपूरची. सायकल वाचवण्यासाठी मुलं यात्रेत दुकान मांडतात. आईचं कर्ज, आजी, भाऊ-बहीण, सगळं त्यात आहे, आणि सासूबाईंनी वारी किंवा एकादशी जवळून पाहिली असेल तर त्या तुमच्यापेक्षा जास्त रमतील. दुसऱ्या आठवड्यात टिपऱ्यांच्या भागामागून हत्तीचं पिल्लू. तिसऱ्यात चॅप्लिनचा १९२१चा ‘द किड’, तासाभराचा. पोरगा दगड मारून काचा फोडतो आणि पाठोपाठ चॅप्लिन पाठीवर काचा घेऊन दुरुस्तीला हजर. ऐकू येण्याचा प्रश्न नाही, भाषेचा नाही, वयाचा नाही. तीन पिढ्या एकाच वेळी एकाच गोष्टीला हसतात असा अनुभव मला मूकपटाइतका दुसऱ्या कशानेच दिलेला नाही. फक्त त्यात पोराला वाढवणाऱ्या चॅप्लिनपासून त्याला ओढून नेण्याचा प्रसंग आहे. मुलगी हळवी असेल तर तेव्हा जवळ घेऊन बसा. चौथ्यात मजिद मजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, १९९७चा, इराणमधला. बहिणीचे बूट हरवतात आणि भाऊ-बहीण एकाच जोडीत आळीपाळीने शाळेत जातात. भाषा फारसी, म्हणजे तुमच्या मुलाची नोकरी इथून सुरू.

त्यानंतर ‘अशी ही बनवाबनवी’ लावा. १९८८चा आहे, पण तुमच्या मुलाला त्यातले संवाद मोबाइलवरच्या स्टिकरांमुळे पाठ असणार, सिनेमा न बघताच. आणि फाळक्यांवरचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, मटकीचा प्रयोग झाल्यावर. ‘श्वास’ आणि ‘किल्ला’ हे माझे फार आवडते, पण ते पहिल्या दोन महिन्यांत नको. ‘श्वास’ मुलीसाठी जड आहे, ‘किल्ला’ संथ आहे. घराला एकत्र बसायची सवय लागली की संथ सिनेमाही पचतो, आधी नाही.

राहता राहिली सासूबाईंची पाळी. त्या बहुतेक रोजचीच मालिका लावायला सांगतील. लावा, आणि वीस मिनिटं सगळ्यांनी बसा, नियम सगळ्यांना सारखा. त्या मालिकेत कोण कोणाची सून आणि कोण मेलेली परत आली, हे त्यांना सगळ्यांना समजावून सांगू द्या. नवरा झोपला तर झोपू द्या, तो बसल्या जागी घोरतो असं तुम्हीच लिहिलंय.

टीव्हीचा मॉडेल नंबर मागच्या बाजूच्या स्टिकरवर असतो. तो आणि खुर्चीपासूनचं अंतर कळवलंत, तर आवाजाचं सेटिंग नेमकं कुठल्या मेनूत सापडेल ते सांगतो.